मूलच्या आभाळासाठी एक अँटेना

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात रोवणी जोरात असते. चिखलणी झालेल्या बांध्यांमध्ये पाणी उभे असते, पऱ्ह्यांच्या जुड्या धुऱ्यावरून आत पोहोचत असतात, बोड्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव भरत आलेले असतात. वर सलग ढग असतात. वर्षभरात इथली जमीन सर्वांत झपाट्याने बदलते ती याच दिवसांत, आणि सूर्यप्रकाशावर चालणारे कॅमेरे तिच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगू शकत नाहीत तेही याच दिवसांत. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. गोसेखुर्द धरणातून सोडलेले पाणी भंडाऱ्यापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत काठच्या गावांत शिरले. अशा वेळी पाणी नेमके कुठपर्यंत पसरले आहे आणि ते जंगलाखाली गेले आहे की शेतातच थांबले आहे, हे त्याच दिवशी कळायला हवे. ढग निवळल्यावर काढलेल्या छायाचित्राचा तोवर फारसा उपयोग उरत नाही.

प्रतिमा घेणारे रडार स्वतःच्या सूक्ष्मलहरी पाठवते आणि त्यांचा परतलेला अंश मोजते. त्याला सूर्य लागत नाही, ढगही आड येत नाहीत. असे रडार विमानात बसवून मूलवरून न्यायचे ठरवले, तर त्याचा अँटेना कसा असावा? हे प्रकरण या एकाच प्रश्नाचे आहे. मी मूल मुद्दाम निवडले आहे. धान, तलाव, नदी, सागवान आणि बांबू इतक्या जवळजवळ असलेला दुसरा मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल. अँटेनाची लांबी, उंची, त्यातल्या पट्ट्यांची संख्या, चालू शकेल एवढी गळती, यातला प्रत्येक आकडा शेवटी खालच्या जमिनीवरून ठरतो. प्रयोगशाळेचे काम त्यानंतर सुरू होते.

आधी तरंगलांबी ठरवू, कारण बाकी सगळे तिच्यामागून येते. सुमारे 3 सेंटिमीटरच्या एक्स-बँडची लहर सागाच्या रुंद पानांवरूनच परतते, शिवाय मुसळधार पावसात ती क्षीण होते. सी-बँडची लहर साधारण 5.6 सेंटिमीटरची. ती पावसातून बरीच निभावते, पण पावसाळ्यातल्या भरगच्च जंगलात वरच्या पालवीत अडकते. धानासाठी मात्र हीच सोयीची. नुकतीच रोवणी झालेली बांधी म्हणजे सपाट पाणी. ते लहर पुढच्या बाजूला परावर्तित करते, विमानाकडे जवळपास काहीच येत नाही आणि बांधी काळी दिसते. पुढे धान फुटवे धरते तशी तीच बांधी उजळत जाते. आधी अंधार, मग उजेड, ही धानाची खूण इतकी पक्की आहे की भारतात खरिपातल्या भातक्षेत्राचा अंदाज रडार उपग्रहांवरूनच घेण्याची पद्धत रुळली.

जंगलासाठी एल-बँड हवा. त्याची लहर 24 सेंटिमीटरच्या आसपास. पाने तिला फारशी अडवत नाहीत, ती फांद्या आणि खोडांपर्यंत पोहोचते. झाडांखाली पुराचे पाणी असेल तर लहर पाण्यावर आपटून खोडावर जाते, किंवा खोडावरून पाण्यावर, आणि दोन उसळ्या घेऊन थेट रडारकडे परतते. त्यामुळे बुडालेले जंगल कोरड्या जंगलापेक्षा उजळ दिसते. उघड्यावरचे पाणी काळे आणि झाडाखालचे पाणी उजळ, हा फरक कळला नाही तर पुराचा नकाशा उलटा वाचला जाईल. एल-बँडलाही मर्यादा आहे. हेक्टरी साधारण 100 टन जैवभारापुढे प्रतिध्वनी फारसा वाढत नाही, मग जंगल कितीही दाट असो. त्याहून घनदाट रानासाठी 70 सेंटिमीटरच्या पी-बँडकडे जावे लागते. युरोपीय अंतराळ संस्थेचा एप्रिल 2025 मध्ये सोडलेला ‘बायोमास’ उपग्रह याच कामासाठी आहे. पण लहर तिपटीने वाढली की तेवढ्याच बंदिस्त झोतासाठी अँटेनाही तिपटीने वाढतो, आणि विमानाच्या पोटाखाली जागा मोजकीच असते.

आता लांबी. कोणत्याही अँटेनाचा झोत किती पसरतो, याचा हिशेब सोपा आहे: तरंगलांबीला अँटेनाच्या लांबीने भागायचे. दीड मीटर लांबीचा एल-बँड अँटेना घेतला तर झोत सुमारे 9 अंश पसरतो. विमानापासून 12 किलोमीटर तिरप्या अंतरावर त्याची रुंदी होते 1.9 किलोमीटर. एवढ्या रुंद पट्ट्यातले सगळे एकाच ठिपक्यात मिसळले, तर मूल शहर आणि भोवतालची शेते वेगळी ओळखूच येणार नाहीत. सुरुवातीची बाजूला पाहणारी रडारे अशीच होती. तेवढ्याच अंतरावरून 3 मीटरचा बारकावा हवा असेल तर या हिशेबाने जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा अँटेना लागेल.

यातून वाट काढली कार्ल वायली यांनी, 1951 मध्ये, अमेरिकेतल्या गुडइयर एअरक्राफ्ट कंपनीत. विमान पुढे जात असते, त्यामुळे झोतातल्या पुढच्या वस्तूंचा प्रतिध्वनी किंचित चढ्या वारंवारतेचा येतो, मागच्यांचा किंचित उतरत्या. हा फरक नोंदवला तर एकाच झोतातल्या वस्तू एकमेकींपासून सोडवता येतात. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही समजून घेता येते. विमान उडत असताना छोटा अँटेना एकामागून एक जागा घेतो, प्रत्येक जागी आलेला प्रतिध्वनी त्याच्या कलेसह, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर होती त्या नोंदीसह, साठवला जातो, आणि नंतर गणिताने सगळे जोडले की त्या सगळ्या जागांएवढ्या लांबीचा अँटेना असल्यासारखे काम होते. आपल्या उदाहरणात कोणतीही एक वस्तू झोतात राहते त्या काळात विमान 1.9 किलोमीटर पुढे जाते. सेकंदाला 120 मीटर वेग धरला तर तेवढा प्रवास 16 सेकंदांचा. म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा कृत्रिम अँटेना तयार झाला.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. अशा रडारचा उड्डाणाच्या दिशेतला बारकावा अंतरावर अवलंबून राहत नाही. तो असतो खऱ्या अँटेनाच्या लांबीच्या निम्मा, मग विमान 5 किलोमीटरवर असो की उपग्रह 700 किलोमीटरवर. अँटेना जितका आखूड, तितकी प्रतिमा बारीक. प्रत्यक्ष यंत्रांत हे पडताळून पाहता येते. भारताच्या रिसॅट-1 उपग्रहाचा अँटेना 6 मीटर लांब होता आणि त्याच्या अरुंद पट्ट्याच्या प्रतिमांचा बारकावा 3 मीटर. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे यूएव्हीसार हे एल-बँड रडार गल्फस्ट्रीम-3 विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या पेटाऱ्यातून काम करते. त्याचा अँटेना साधारण दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच आहे, बारकावा एका मीटरच्या आत.

मग सगळेच अँटेना हाताएवढे का करत नाहीत? उपग्रहापुरते उत्तर वेगाचे आहे. रडार लहरी स्पंदांच्या, म्हणजे तुटक झटक्यांच्या, रूपात पाठवते; दोन स्पंदांमध्ये ते अँटेनाच्या निम्म्या लांबीपेक्षा जास्त पुढे सरकता कामा नये, नाहीतर एका जागेचा प्रतिध्वनी दुसऱ्या जागेवर नोंदला जातो. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या उपग्रहावर दीड मीटरचा अँटेना असेल तर सेकंदाला 10,000 स्पंद पाठवावे लागतील. दोन स्पंदांमध्ये इतकी कमी उसंत मिळेल की जेमतेम 15 किलोमीटर अंतराच्या फरकातलेच प्रतिध्वनी एकमेकांत न मिसळता ऐकता येतील. म्हणून उपग्रहांचे अँटेना मोठे. युरोपच्या सेंटिनेल-1 चा 12.3 मीटर लांब आहे. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या इस्रो-नासाच्या निसारचा जाळीचा परावर्तक 12 मीटर व्यासाचा आहे. विमानाला या बंधनाचा काच जाणवत नाही. 120 मीटर वेगाला दीड मीटरच्या अँटेनासाठी सेकंदाला 160 स्पंद पुरतात, आणि दोन स्पंदांमधली उसंत शेकडो किलोमीटर अंतराला पुरेल एवढी असते.

तरीही विमानाचा अँटेना मनाला येईल तेवढा लहान करता येत नाही. पहिली अडचण शक्तीची आहे. लहान अँटेना झोत पसरवतो, म्हणजे शक्तीही पसरवतो, आणि परतीचा क्षीण आवाज पकडणारा त्याचा पसाही लहान असतो. तलावाच्या शांत पाण्यावरून येणारा प्रतिध्वनी आधीच अत्यंत मंद. तो यंत्राच्या स्वतःच्या नॉइजमध्ये बुडाला, तर तलाव आणि नुकतीच रोवलेली बांधी यांतला सूक्ष्म फरक हरवतो. दुसरी अडचण अशी की फार पसरट झोतामुळे नको त्या दिशांचे प्रतिध्वनी आत येतात. तिसरी अडचण उंचीची, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण विमानाच्या बाबतीत खरी ओढाताण तिथे होते.

रडार अंतर मोजते. विमानाच्या डावीकडे 10 किलोमीटरवर असलेले झाड आणि उजवीकडे 10 किलोमीटरवर असलेले झाड यांचे प्रतिध्वनी एकाच क्षणी येतात, आणि विमानाला त्यांत फरक करता येत नाही. म्हणून झोत एकाच बाजूला सोडावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच जाऊ द्यायचे नसते. थेट खाली तर मुळीच नाही, कारण पायाखालच्या पाण्यावरून येणारी झळाळी इतकी प्रखर असते की तिचा अंशही आत शिरला तरी प्रतिमेवर रेघ उमटते. मूलसारख्या तलावांच्या मुलखात ही काळजी दुप्पट. झोताच्या मुख्य भागाबाहेर सांडणारी शक्ती, म्हणजे उपझोत, या दिशांना दाबून टाकावे लागतात. त्यासाठी अँटेनाच्या वरच्या-खालच्या कडांना शक्ती कमी द्यायची, म्हणजे उपझोत उतरतात, पण मुख्य झोत थोडा रुंदावतो.

आणि तो किती रुंद हवा? साडेबारा किलोमीटर उंचीवरून उभ्या रेषेपासून 25 ते 65 अंशांपर्यंत पाहायचे ठरवले, तर जमिनीवर सुमारे 21 किलोमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. म्हणजे उभ्या दिशेत 40 अंशांचा झोत. एल-बँडसाठी त्याला अँटेनाची उंची साधारण 35 सेंटिमीटर असावी लागते, सी-बँडसाठी फक्त 8. अँटेनाची उंची अर्धा मीटर केली तर एल-बँडचा झोत 27-28 अंशांवर येतो आणि पट्ट्याच्या कडांना शक्ती कमी पोहोचते. ती कमतरता नंतर गणिताने भरून काढता येते, पण भरून काढताना नॉइजही तेवढ्याच पटीने वाढतो. दूरची कड तर तशीही मंद असते, कारण तिथवर जाऊन परतण्याचा रस्ता लांब. त्यामुळे झोताचा सर्वांत जोरकस भाग पट्ट्याच्या मध्यावर न रोखता दूरच्या बाजूला झुकवतात.

एवढे सगळे हिशेब विमान सरळ उडते असे धरून झाले. विमान सरळ उडत नसते.

भरल्या वैनगंगेत डोंगा पलीकडे न्यायचा असला की नावाडी त्याचे नाक धारेच्या वरच्या बाजूला वळवून ठेवतो. डोंगा जातो सरळ, पण त्याचे तोंड वाकडे असते. आडव्या वाऱ्यात विमान अगदी असेच उडते. वेग 120 मीटर आणि आडवा वारा 20 मीटर असला तर नाक साडेनऊ अंश वळलेले राहते. पावसाळ्यात भारतावर मोठ्या उंचीवर पूर्वेकडून जोराचा प्रवाह वाहतो, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेत उडताना ही परिस्थिती नेहमीची. आता आपला झोत 9 अंशांचा आहे हे आठवा. विमानाच्या अंगाला घट्ट बसवलेला अँटेना नाकाबरोबर वळला, तर झोत जायला हवा तिथून पूर्ण बाजूला पडतो. एकाच वेळची प्रतिमा घ्यायची असेल तर तिरक्या झोतातूनही गणिताने मार्ग निघतो. पण दोन दिवसांच्या प्रतिमांची कला ताडून जमीन किती खचली हे पाहायचे असेल, तर दोन्ही वेळा झोत त्याच दिशेने गेलेला असणे भागच असते. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात अशा मोजणीचे मोल वेगळे सांगायला नको.

उपाय दोन. एक, अँटेना फिरत्या चौकटीवर बसवून यंत्राने वळवायचा. दुसरा, अँटेना जागीच ठेवून तो ज्या लहान धातूच्या पट्ट्यांनी बनलेला असतो त्यांना दिलेल्या लहरींची कला थोडी थोडी पुढेमागे करायची, म्हणजे झोत आपोआप वळतो. यूएव्हीसारमध्ये दुसरा मार्ग घेतला आहे. मात्र त्याने नवी अट येते. पट्ट्या एकमेकींपासून फार लांब असल्या तर वळवलेल्या झोताबरोबर दुसऱ्याच दिशेला तेवढाच जोरदार खोटा झोत उगवतो. 20 अंशांपर्यंत वळवायचे असेल तर दोन पट्ट्यांतले अंतर तरंगलांबीच्या पाऊण पटीच्या आत ठेवावे लागते. अर्धी पट धरली तर निर्धास्त. 24 सेंटिमीटरची लहर, 12 सेंटिमीटरचे अंतर, दीड मीटरची लांबी: एका ओळीत डझनभर पट्ट्या. प्रत्येक उभ्या रांगेला स्वतःचा प्रक्षेपक-ग्राहक संच लागतो. हे संच तापतात, तापले की त्यांची कला सरकते, आणि कला सरकली की झोत भलतीकडे पाहू लागतो. साडेबारा किलोमीटरवर बाहेर शून्याखाली पन्नासच्या आसपास तापमान आणि आत तापलेले संच, या दोन टोकांमध्ये पाठीचा धातूचा पत्रा वाकता कामा नये.

किती वाकला तर चालेल? हाच प्रश्न विमानाच्या डोलण्यालाही लागू आहे. लहर जाते आणि परतते, त्यामुळे विमान रेषेपासून 3 सेंटिमीटर बाजूला सरकले तरी एल-बँडमध्ये प्रतिध्वनीची कला पाव फेरीने चुकते. सी-बँडमध्ये 7 मिलिमीटर पुरतात. त्या 16 सेकंदांत अँटेनाचा मध्यबिंदू कुठे होता, हे याहून बारीक माहीत असायला हवे. म्हणून जडत्वमापक विमानाच्या कॉकपिटजवळ न ठेवता अँटेनाच्या शक्य तितके जवळ बसवतात. मधले धड लवते, थरथरते, आणि ते लवणे कोणत्याही उपकरणात नोंदले जात नाही.

ध्रुवीकरणाची, म्हणजे लहर आडवी कंप पावते की उभी याची, अट सर्वांत कठोर वाटते मला. लहर आडवी पाठवून आडवीच ऐकली तर पाणी आणि खोडांची दुहेरी उसळी ठळक दिसते. आडवी पाठवून उभी ऐकली तर फांद्यांचा गुंता दिसतो, कारण अनेक दिशांच्या फांद्यांवर आपटूनच लहरीच्या कंपनाची दिशा बदलते. जंगलाचा जैवभार मुख्यतः याच दुसऱ्या मोजणीतून वाचतात. पण हा आडवा-उभा प्रतिध्वनी आडव्या-आडव्यापेक्षा क्षीण असतो. उघड्या पाण्यावर आणि मोकळ्या शेतात तर कैक पट क्षीण. अँटेनाने आडव्या लहरीतला थोडा अंश चुकून उभ्या वाहिनीत गळू दिला, तर मोकळ्या शेतातही विरळ झाडोरा असल्याचा भास होईल. म्हणून ही गळती शंभरात एकापेक्षा पुष्कळ कमी, शक्यतो हजारात एकाच्या घरात असावी लागते, आणि तीही नुसत्या मध्यरेषेवर नव्हे, पूर्ण 40 अंशांत, झोत वळवलेला असतानासुद्धा.

याच पट्ट्यांना वारंवारतेचा विस्तारही पेलावा लागतो. अंतराच्या दिशेतला बारकावा अँटेनाच्या लांबीवर नसतो, स्पंदाच्या वारंवारता-विस्तारावर असतो: 80 मेगाहर्ट्झला तिरप्या अंतरात 1.9 मीटर. हा विस्तार एल-बँडच्या मध्य वारंवारतेच्या सहा टक्क्यांहून जास्त भरतो, आणि पातळ पत्र्यावर छापलेली साधी चौकोनी पट्टी दोन-तीन टक्क्यांपलीकडे नीट काम करत नाही. मग खालचा थर जाड करायचा, मध्ये हलका फोम किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी घालायची, एका पट्टीवर दुसरी मोकळी पट्टी ठेवायची. या विषयात मुंबईचे काम जगभर वाचले जाते: गिरीश कुमार आणि के. पी. राय यांचे ‘ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनाज’ हे 2003 चे पुस्तक अनेक अभियंत्यांच्या टेबलावर असते.

भारतात विमानातून अशा प्रतिमा घेण्याचे काम मुख्यतः अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने बांधलेल्या रडारांवर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या बीचक्राफ्ट विमानांवर उभे आहे. आधी सी-बँडची रडारे आली, पुढे निसारची पूर्वतयारी म्हणून एल आणि एस या दोन्ही बँडांचे. हे दुसरे रडार 2019 च्या अखेरीस अमेरिकेत नेऊन नासाच्या विमानातूनही उडवले गेले. निसार आता कक्षेत आहे आणि 12 दिवसांनी त्याच जागेवर परत येतो. धान पाहण्याचे सी-बँडचे काम सेंटिनेल-1 आणि आपला ईओएस-04 करतात. मग विमान कशाला, असे कोणी विचारेल. पूर 12 दिवस थांबत नाही, हे माझे उत्तर. गोसेखुर्दचे दरवाजे उघडल्यावर सकाळी एक आणि संध्याकाळी एक प्रतिमा मिळाली, तर पाणी सावली तालुक्याच्या बाजूने कसे सरकते आहे हे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रातून जिल्हा प्रशासनाला त्याच रात्री सांगता येईल. त्यासाठी मी एल-बँडच मागवीन, दोन्ही ध्रुवीकरणांचा, झोत वळवता येणारा. धानाचा काही बारकावा त्यात निसटेल, ते मला मान्य आहे. झाडांखालचे पाणी निसटणे मान्य नाही.

अँटेना तयार झाला, भिंतींवर लहरशोषक लावलेल्या खोलीत त्याचा झोत मोजला, तरी काम संपत नाही. विमानाला बसवल्यावर पंख, इंजिनाचे आवरण आणि अँटेनावरचे लहरपारदर्शी कवच झोताला थोडे बदलतात, म्हणून जमिनीवर ओळखीचे लक्ष्य ठेवून पुन्हा तपासावे लागते. ते लक्ष्य म्हणजे तीन पत्र्यांचा कोपरा. कुठूनही आलेली लहर तो आल्या दिशेने परत पाठवतो. एक मीटर बाजूचा कोपरा सी-बँडला झगझगीत दिसतो, पण एल-बँडमध्ये त्याची चमक सुमारे अठरा पटीने कमी होते. म्हणून यूएव्हीसारसाठी कॅलिफोर्नियातल्या रोझामंडच्या कोरड्या तळ्यात 2.4 मीटरचे कोपरे उभे केले आहेत. मूलमध्ये एवढे कोरडे आणि उघडे मैदान पावसाळ्यात मिळणे कठीण. बांधीत ठेवला तर भोवतालचे पाणी आपली उसळी त्यात मिसळणार. उंचवट्यावरची, झाडांपासून दूर असलेली पडीत जागा शोधावी लागेल, आणि गुरे आत शिरू नयेत म्हणून कुंपण घालायचे तर ते लाकडी-बांबूचे, तारेचे नव्हे. आणि कोपऱ्याच्या तळाशी, जिथे तिन्ही पत्रे मिळतात, तिथे पावसाचे पाणी साचून मापन बिघडते, म्हणून बोटभर छिद्र पाडून ठेवायचे. 24 सेंटिमीटरच्या लहरीला एवढे छिद्र दिसत नाही.